तीस पौंडांचा आवाज

रॉक संगीताचा आणि आपला काय संबंध, असं म्हणून तुमच्यातल्या निम्म्या जणी पान उलटायला बघतील. थांबा जरा. मलाही कालपरवापर्यंत असंच वाटायचं. रॉक म्हणजे लांब केस, फाटक्या जीन्स, कानठळ्या बसवणारं गिटार, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ‘अरे, तो आवाज कमी कर!’ म्हणून आपण मारलेली हाक. आपली ओळख तेवढीच.

खरं तर आम्हा वाईकरांना या विषयावर बोलायचा थोडासा हक्क आहे. आमचा पसरणीचा घाट चढून वर गेलं की पाचगणी. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत आठ-नऊ वर्षांचा एक पारशी मुलगा बोर्डिंगला राहायला आला होता. आईवडील दूर झांझिबारला. नाव फारुख बलसारा. शाळेत त्याने मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला, तो पियानो वाजवायचा. पुढे हाच फारुख ‘क्वीन’ या बँडचा फ्रेडी मर्क्युरी झाला. १३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर ‘लाइव्ह एड’चा कार्यक्रम झाला. तिथे त्याने वीसेक मिनिटांत बहात्तर हजार माणसं अक्षरशः हातावर खेळवली. रॉकच्या इतिहासातले अविस्मरणीय क्षण म्हणून कुणीही यादी करू दे, हा क्षण त्यात असतोच.

अशीच एक यादी माझ्या भाच्याने मध्यंतरी मला मोबाइलवर पाठवली. ३० जानेवारी १९६९ ला बीटल्सनी लंडनमधल्या इमारतीच्या गच्चीवर भर थंडीत वाजवलं, तो क्षण. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वुडस्टॉकला जिमी हेंड्रिक्सने सकाळी सकाळी गिटारवर अमेरिकेचं राष्ट्रगीत छेडलं, तो क्षण. सगळे क्षण थोरच, वाद नाही. पण यादी वाचून झाल्यावर आपण पंगतीत पानं मोजतो ना, तशी मी नावं मोजली. पंचवीसमध्ये बायका दोन! म्हटलं, या बायका होत्या कुठे? स्वयंपाकघरात?

तर हो, जवळजवळ तसंच होतं. त्या मागे उभ्या होत्या. गात होत्या. नाव मात्र पुढच्यांचं होत होतं. मग मी शोधायला लागले आणि माझी एक वेगळीच यादी तयार झाली. ती भाच्यालाही पाठवली आहे, त्याने अजून वाचलेली दिसत नाही.

माझ्या यादीत पहिली क्लेअर टॉरी. २१ जानेवारी १९७३, रविवार. लंडनच्या ॲबे रोड स्टुडिओत ‘पिंक फ्लॉइड’ नावाच्या बँडचं काम चालू होतं. त्यांच्या रिचर्ड राइटने पियानोवर एक सुरावट बांधली होती, विषय मृत्यूचा. त्यावर काहीतरी हवं होतं, पण नेमकं काय ते कुणालाच सांगता येईना. रेकॉर्डिंग सांभाळणाऱ्या ॲलन पार्सन्सने क्लेअरचं नाव सुचवलं. ही पंचवीस वर्षांची मुलगी, बोलावतील तिथे जाऊन गाणारी. रोजंदारीच म्हणा ना. रविवार म्हणून दर दुप्पट, म्हणजे तीस पौंड!

तिला सांगितलं, शब्द नाहीत, गा. आता शब्दच नाहीत म्हटल्यावर काय गायचं? तिने आधी इंग्रजी गाण्यांत असतात तसे ‘बेबी, बेबी’ करून पाहिलं. तेही नको म्हणाले. मग तिने मनाशी ठरवलं की आपण गाणारी बाई नाहीच, आपण एक वाद्य आहोत. आणि सुरू झाली. आपल्याला आलाप ऐकायची सवय आहे, त्यामुळे हे आपल्याला त्या गोऱ्या मंडळींपेक्षा लवकर कळेल. तो आलाप म्हणजे आक्रोश आहे, विनवणी आहे आणि शेवटी सगळं सोडून दिल्यासारखा एक थकलेला सूर आहे. घरात माणूस गेल्यावर पहिल्या रात्री बाई कशी रडते आणि पहाटे कशी गप्प होते, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना या गाण्याला शब्द का नाहीत ते सांगावं लागत नाही.

दोन-अडीच वेळा गाऊन झाल्यावर क्लेअर बाहेर आली. तिला वाटत होतं, आपण भलतंच ओरडलो, हे काही ते ठेवणार नाहीत. तीस पौंड घेऊन ती घरी गेली. पुढे एकदा रेकॉर्डच्या दुकानात तिने तो अल्बम पाहिला, त्यावर आपलं नाव वाचलं, तेव्हा तिला कळलं की आपला आवाज ठेवलाय.

अल्बमचं नाव ‘द डार्क साइड ऑफ द मून’. त्याच्या साडेचार कोटींच्या आसपास प्रती खपल्या असं मानतात. अमेरिकेतल्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत तो १९७३ ते १९८८ या काळात ७४१ आठवडे होता. आठवडे म्हणतेय मी, दिवस नव्हे. आणि क्लेअरचा हिशेब तीस पौंडांवर मिटलेला. गायिका म्हणून नाव छापलं होतं, पण गाण्याची रचना एकट्या राइटची, असं. म्हणजे पियानोवर बोटं फिरवून सुचलं ती रचना, आणि गळ्यातून त्या क्षणी सुचलं ती मजुरी!

तीस वर्षं गेली. २००४ साली ती कोर्टात गेली. तेव्हा ती पन्नाशी ओलांडलेली बाई होती. तिचं म्हणणं एवढंच, की मला कुणी चाल दिली नव्हती, शब्द दिले नव्हते, जे गायलं ते मी तिथे उभ्या उभ्या रचलं. २००५ मध्ये दोन्ही पक्षांत तडजोड झाली. किती पैसे मिळाले ते गुप्तच राहिलं, पण तेव्हापासून त्या गाण्याखाली रचनाकार म्हणून राइट आणि टॉरी अशी दोन नावं छापली जातात.

आता यावर तुमच्यातलीच एखादी म्हणेल, ‘अहो, पण तिने ठरलेले पैसे घेतले होते ना? मग नंतर कटकट कशाला?’ हा प्रश्न मी घरातही ऐकला. यजमानांनी विचारला. ते बँकेत होते, त्यामुळे सही केली म्हणजे विषय संपला, असा त्यांचा खाक्या. मला हे पटत नाही. ठरलेले पैसे सांगितलेल्या कामाचे असतात. ‘ये आणि ही चाल गा’ असं सांगून ती तशी गायली असती, तर तीस पौंडांत विषय संपला असता. सांगितलं होतं ‘ये आणि काय करायचं ते तूच बघ.’ आपल्याकडे नाही का, ‘बघ ना जरा, तुला सुचेल काहीतरी’ असं गोड बोलून रांगोळीपासून पाहुण्यांच्या पानापर्यंत सगळं एकीच्या डोक्यावर टाकतात! त्या ‘सुचण्या’ची किंमत कुणी धरत नाही, कारण ते दिसत नाही. हातांची मजुरी मोजता येते, डोक्यातलं फुकट.

आणि हे फक्त परदेशात घडतं असंही नाही. ‘महल’ चित्रपट १९४९ चा. त्यातलं ‘आयेगा आनेवाला’ घराघरांत पोचलं, पण रेकॉर्डवर गायिकेचं नाव काय होतं? ‘कामिनी’! म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. लतादीदींचं नावच नाही. पुढे दीदी नावासाठी आणि गाण्याच्या रॉयल्टीसाठी भांडल्या, तेव्हा त्यांना हट्टी, लोभी काय काय म्हटलं गेलं. आज आपण त्यांच्या नावाने हात जोडतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात गायक-वादकांना रॉयल्टीचा हक्क मिळायला २०१२ ची दुरुस्ती यावी लागली. म्हणून मी म्हणते, क्लेअरबाईंना लोभी म्हणण्याआधी जरा थांबा.

दुसरी बाई मेरी क्लेटन. हिची गोष्ट वाचली त्या रात्री मला झोप आली नाही. १९६९ चं हिवाळ्याच्या तोंडाचं लॉस एंजेलिस. रात्र झालेली. मेरी पोटुशी, झोपायच्या तयारीत, केसांना कर्लर लावलेले. फोन वाजला. इंग्लंडहून ‘रोलिंग स्टोन्स’ नावाची मंडळी आली आहेत, त्यांना गाण्यात बाईचा आवाज हवाय, आत्ताच हवाय. तिने जायला का-कू केली, पण नवऱ्यानेही जा म्हटलं. तो स्वतः सॅक्सोफोनवादक होता. मग ही झोपायच्या कपड्यांवर कोट चढवून, कर्लरवर रेशमी रुमाल बांधून निघाली. विचार करा, अवघडलेली बाई, मध्यरात्र, अनोळखी पुरुषांनी भरलेला स्टुडिओ.

तिथे गेल्यावर तिच्या पुढे शब्द ठेवले. ते युद्धाचे, अत्याचाराचे, खुनाचे भयंकर शब्द. ही बाप्टिस्ट धर्मोपदेशकाची मुलगी, चर्चमध्ये गात वाढलेली. तिने विचारलं, हे काय आहे? पण गायली. तीन वेळा गायली. दर वेळी आधीपेक्षा वर. ‘गिमी शेल्टर’ हे गाणं तुम्ही ऐकलंत तर एका जागी तिचा आवाज चिरफाळतो. आपल्याकडे गुरुजींनी कानच पकडला असता. पण त्या चिरफाळण्यातच सगळं आहे. आणि कान देऊन ऐकलंत तर त्या फाटलेल्या सुरामागे स्टुडिओतल्या कुणाची तरी आनंदाने दिलेली आरोळीही ऐकू येते. माईक चालू होता, ती आरोळीही छापली गेली.

घरी गेल्यावर काही दिवसांतच तिचं मूल गेलं. त्या रात्रीच्या ताणामुळेच असं झालं, असं अनेक जण लिहितात. छातीठोकपणे तसं सांगता येणार नाही, आणि माझ्या मते अशा गोष्टी बाहेरच्यांनी ठरवूही नयेत. पण तिला स्वतःला पुढे बरीच वर्षं ते गाणं ऐकवत नसे, एवढं खरं. जगाने ते गाणं डोक्यावर घेतलं होतं, दुकानांत, मोटारींत, सिनेमांत ते वाजत होतं, आणि ती मात्र कान बंद करायला जागा शोधत होती. त्या अल्बमवर तिचं नाव छापलं, तेही चुकीचं. ‘मेरी’ हे नाव इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहितात, त्यांनी नेमकी दुसरी तऱ्हा लिहिली. म्हणजे आपली पत्रिका छापताना सुनीताचं अनिता करावं तसं.

अशाच मागे उभ्या राहून गाणाऱ्या बायकांवर २०१३ साली ‘ट्वेंटी फीट फ्रॉम स्टारडम’ नावाचा माहितीपट आला, त्याला पुढच्या वर्षी ऑस्करही मिळालं. नावाचा अर्थ सांगायचा तर, प्रसिद्धीपासून वीस फुटांवर. रंगमंचावर पुढचा माईक आणि मागचा माईक यांच्यात अंतर तरी केवढं असतं? आपल्या माजघरापासून ओटीपर्यंत जेवढं, तेवढंच.

फार रडगाणं झालं का? मग एक झकास क्षण सांगते. माझ्या यादीत खरं तर हाच सगळ्यात आवडता. ७ मे १९६४, इंग्लंडमधलं मँचेस्टर. शहरातलं एक बंद पडलेलं रेल्वे स्टेशन. टीव्हीवाल्यांनी एका फलाटावर अमेरिकेतल्या खेड्याचा देखावा केलाय, पोती काय, कोंबड्या काय, शेळ्यासुद्धा आहेत! समोरच्या फलाटावर तरुण प्रेक्षक बसलेत, मधे रूळ. आणि पाऊस पडतोय. घोडागाडीतून एक एकोणपन्नास वर्षांची काळी, ठसठशीत बाई उतरते. अंगावर छानसा पांढरा कोट. ही सिस्टर रोझेटा थार्प. हात हलवत येते, पावसाकडे बघते, ठरलेलं गाणं बाजूला ठेवून पावसाचंच गाणं म्हणायचं ठरवते आणि इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवते.

आणि मग ती जे काही वाजवते! जरूर बघा, त्याचं चित्रण इंटरनेटवर सहज सापडतं. ना कसला आविर्भाव, ना नखरा. पोळ्या लाटताना हात आपोआप चालावेत आणि तोंडाने गप्पा चालू असाव्यात, इतक्या सहजपणे ती गिटार वाजवते. तिची ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’ ही रेकॉर्ड १९४४ ची. रॉक अँड रोल हे नाव घरोघरी जायच्या कितीतरी आधीची. पुढे ज्यांना या संगीताचे राजे म्हटलं गेलं, ते हिची गाणी ऐकत मोठे झाले. तरी ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या मानाच्या दालनात तिला जागा मिळायला २०१८ साल उजाडलं. ती वारली १९७३ ला. तिच्या थडग्यावर दगडसुद्धा नव्हता. २००८ मध्ये चाहत्यांनी कार्यक्रम करून त्यासाठी पैसे उभे केले. या दालनाची पहिली निवड १९८६ ची, त्यात एकही बाई नव्हती. पहिली बाई पुढच्या वर्षी, अरिथा फ्रँकलिन.

दगडावरून आठवलं. एका दगडाची गोष्ट सांगायलाच हवी. बेसी स्मिथ नावाची ब्लूज गाणारी मोठी गायिका १९३७ मध्ये अपघातात गेली. ही तिच्या काळातली सम्राज्ञीच. पण फिलाडेल्फियाजवळ तिला पुरलं त्या जागेवर तेहतीस वर्षं काहीच खूण नव्हती. १९७० च्या ऑगस्टमध्ये तिथे दगड बसला. पैसे दोघींनी दिले. एक, लहानपणी बेसीच्या घरी काम केलेली बाई. आणि दुसरी जॅनिस जॉप्लिन. जॅनिस म्हणजे तेव्हाची रॉकमधली सगळ्यात गाजलेली मुलगी, बेदरकार म्हणून बदनाम. ती बेसीला कधी भेटली नव्हती, बेसी गेली तेव्हा हिचा जन्मही झालेला नव्हता. तरी तिला वाटलं की जिचं गाणं ऐकून मी गायला शिकले तिचं नाव कुठेतरी कोरलेलं असावं. दोन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, जॅनिस स्वतःच गेली. सत्तावीस वर्षांची होती.

ही जॅनिस पहिल्यांदा जगाच्या डोळ्यांत भरली ती जून १९६७ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या महोत्सवात. पहिल्या दिवशी तिच्या बँडच्या व्यवस्थापकाने चित्रीकरणाला नकार दिला. ती अशी काही गायली की दुसऱ्या दिवशी खास कॅमेऱ्यासाठी तिला परत उभं केलं. त्या फिल्ममध्ये प्रेक्षकांत बसलेली कॅस इलियट ही नामवंत गायिका दिसते, तिचं तोंड उघडंच राहिलंय. बाईने बाईला दिलेली इतकी निखळ दाद मी फार कमी वेळा पाहिली आहे. आपल्याकडे हळदीकुंकवाला एखादीने चांगलं गाणं म्हटलं की आपण तिच्या साडीच्या निऱ्या बघतो, खोटं सांगू नका!

जॅनिसने गायलेलं ते ‘बॉल अँड चेन’ हे गाणं बिग मामा थॉर्नटनचं. ही आणखी एक. १९५२ साली हिने ‘हाउंड डॉग’ गायलं, पुढच्या वर्षी रेकॉर्ड आली आणि कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीत सात आठवडे पहिली राहिली. गाणं एका आयतोबा पुरुषाला उद्देशून आहे. दारात शेपूट हलवत येतो, खातो-पितो आणि काम करत नाही, असल्या माणसाला बाईने दिलेला तो झाडू आहे! १९५६ मध्ये एल्विस प्रेस्लीने तेच गाणं शब्द बदलून म्हटलं, आणि त्यात तो आयतोबा पुरुष गायब, उरला खराखुरा कुत्रा. बाईचा राग गाळून टाकल्यावर ते गाणं अकरा आठवडे पहिल्या नंबरावर. थॉर्नटनबाईंनी सांगितलंय की त्यांना त्या गाण्याचे मिळून पाचेकशे डॉलर मिळाले. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका भाड्याच्या खोल्यांच्या घरात त्या वारल्या. मानाच्या दालनात नाव आलं २०२४ ला. गाणं लिहिणारी दोन्ही पोरं गोरी, विशीतलीही नव्हती, त्यांचं नाव मात्र छापलेलं. त्यांनी लिहिलं होतं, छापायलाच हवं. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही.

शेवटी टीना टर्नर. तिची गोष्ट तुमच्यातल्या काहींना माहीत असेल, २०२३ च्या मे महिन्यात ती गेली तेव्हा मराठी पेपरांतही बातमी होती. मूळ नाव ॲना मे बुलक, टेनेसी राज्यातल्या नटबुश नावाच्या खेड्यातली. ती आइक टर्नरच्या बँडमध्ये गायला लागली. १९६० मध्ये पहिली रेकॉर्ड आली, तेव्हा त्यावर नाव होतं ‘आइक अँड टीना टर्नर’. हे टीना नाव आइकने परस्पर ठेवलं होतं, तिला विचारलंही नव्हतं. वर ते नाव त्याने स्वतःच्या मालकीचं करून घेतलं. ही सोडून गेली तर दुसरीला टीना म्हणून उभी करता येईल, असा हिशेब.

मैत्रिणींनो, इथे मी वाचायची थांबले. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने लिहिलेलं नाव आठवलं. माझं माहेरचं नाव वेगळं होतं. नवं नाव कुणी ठरवलं, का ठरवलं, हे मला लग्नघरात कळलं. ते वाईट होतं असं नाही, आज मी त्याच नावाने लिहिते. पण विचारलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच.

आइक मारायचा. तोंड सुजलेलं असताना ही रंगमंचावर गायची. जुलै १९७६ मध्ये डॅलसला हॉटेलवर उतरल्यावर तो झोपलेला असताना ती निघाली. रस्ता ओलांडून पळत समोरच्या हॉटेलवर गेली. जवळ छत्तीस सेंट आणि पेट्रोलचं एक कार्ड. १९७८ मध्ये घटस्फोट झाला. तिने गाण्यांचे पैसे, मालमत्ता, जवळजवळ सगळ्यावर पाणी सोडलं. उलट रद्द झालेल्या कार्यक्रमांची देणी अंगावर घेतली. कोर्टाकडे मागितलं काय? टीना टर्नर हे नाव.

किती हुशार बाई! ते नाव त्याने दिलं होतं, पण मोठं हिने केलं होतं. कित्येक वर्षं नाचून, गाऊन, मार खाऊन. घर-दागिने पुन्हा करता येतील, पण नाव गेलं तर शून्यापासून सुरुवात, हे तिला कळलं होतं. मधली काही वर्षं हलाखीची गेली. सरकारी मदतीच्या कुपनांवर घर चालवलं, छोट्यामोठ्या हॉटेलांत कार्यक्रम केले. आणि १९८४ मध्ये ‘प्रायव्हेट डान्सर’ आला. त्यातलं एक गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती. ज्या वयात आपल्याला ‘आता काय राहिलंय, मुलांचं बघायचं’ म्हणतात ना, त्या वयात. १९८८ मध्ये ब्राझीलच्या रिओ शहरात तिला ऐकायला पावणेदोन लाखांवर माणसं जमली होती.

मला कुणी विचारलं की रॉकच्या इतिहासातला सगळ्यात मोठा क्षण कोणता, तर मी त्या घटस्फोटाच्या कागदाचं नाव सांगेन. त्याचा फोटो कुठल्या यादीत नसतो, मला माहीत आहे.

तुम्ही म्हणाल, नावात काय एवढं? गाणं चांगलं झालं, लोकांना आनंद मिळाला, संपलं. निष्काम कर्म वगैरे. हा उपदेश मला नेहमी बायकांनाच केलेला दिसतो. पुरुषांच्या नावाच्या पाट्या, फलक, कोनशिला बघा आपल्या गावात, चौकाचौकांत आहेत. वाचनालयाचा पंखा दिला तरी त्याच्या पात्यावर नाव असतं! आणि ज्या संत जनाबाईचं उदाहरण देऊन आपल्याला निष्काम व्हायला सांगतात, तिने दळता-कांडता रचलेल्या अभंगांत शेवटी स्वतःचं नाव घातलं आहे. दासी होती, पण नाममुद्रा सोडली नाही.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं काम आम्ही चौघींनी केलं. जुन्या सभासदांच्या घरी जाऊन आठवणी लिहून घेतल्या, फोटो गोळा केले, मुद्रितं तपासली. चार महिने दुपारची झोप नाही. स्मरणिका झाली, प्रकाशनाला मोठे पाहुणे आले. आत संपादक मंडळाची सात नावं, सगळी पुरुषांची. शेवटच्या पानावर एक ओळ होती, ‘महिला विभागाचे सहकार्य लाभले.’ आमच्यातली एक तेव्हा म्हणाली, जाऊ दे गं, आपल्याला कुठे मिरवायचंय. मिरवायचं नव्हतंच. पण तिच्या नातीला उद्या ती स्मरणिका सापडली तर आजीने काय केलं ते तिला कळणार कसं?

जाता जाता आणखी एकीचं नाव. १ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी जॉर्ज हॅरिसन आणि पंडित रविशंकर यांनी कार्यक्रम केला. रॉकवाल्यांच्या मदतीच्या कार्यक्रमांची ती सुरुवातच, ‘लाइव्ह एड’च्या चौदा वर्षं आधी. सुरुवातीला सतार, सरोद जुळवून झाले तेव्हा प्रेक्षकांना वाटलं गाणं झालं, त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पंडितजी मिश्कीलपणे म्हणाले, जुळवणंच एवढं आवडलं तर पुढचं वादन याहून आवडेल! हा किस्सा सगळे सांगतात. सतारीवर रविशंकर, सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखाँ, ही नावंही सगळे सांगतात. त्यांच्याबरोबर तानपुरा धरून एक बाई बसल्या होत्या. सगळ्यांना आधार देणारा सूर त्यांच्या हातात होता. त्यांचं नाव कमला चक्रवर्ती.